टाकीत न दिसणारं डिझेल

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. विजेच्या हिशेबात सांगायचं तर १० युनिट. ट्रॅक्टरच्या इंजिनात हे डिझेल जळतं तेव्हा त्यातली जेमतेम एक-तृतीयांश ऊर्जा फिरण्याच्या कामी येते. उरलेली रेडिएटरमधून आणि धुरांड्यातून उष्णता होऊन हवेत जाते. म्हणजे हाती लागतात सुमारे ३ युनिट.

तरीही ही तीन युनिटं कमी समजू नका. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा गतीने राबतो तेव्हा त्याची शक्ती साधारण ७५ वॅट असते. ३ युनिटांचं काम उरकायला त्याला ४० तास लागतील. पाच दिवसांची अंगमेहनत एका बाटलीत मावते, म्हणूनच शेतीने गेल्या शंभर वर्षांत डिझेलला इतकं घट्ट धरून ठेवलं.

शेतीतल्या इंधनाची चर्चा निघाली की सगळ्यांची नजर ट्रॅक्टरकडे जाते, कारण डिझेल तिथे डोळ्यांसमोर ओतलं जातं. पण शेत आणखी तीन वाटांनी ऊर्जा पितं: उपशाचं पाणी, युरियाचं पोतं आणि काही पिकांत दाणा वाळवण्याची भट्टी. या तिन्ही वाटा लिटरमध्ये मोजून बघितल्या तर चित्र उलटं होतं. या लेखात तेच करायचं आहे.

आधी थोडं मागे

इंजिनं येण्याआधी शेतीचं इंधन वैरण हेच होतं. बैल असो की घोडा, तो काम नसतानाही खातो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे एक-चतुर्थांश जमीन कामाच्या घोड्या-खेचरांच्या चाऱ्यासाठी गुंतलेली होती. जनावरांची ताकद फुकट होती, असं अनेकदा बोललं जातं, ते म्हणूनच खरं नाही. तिची किंमत जमिनीत मोजावी लागत होती. मात्र एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती जी पुढे हरवली: इंधन त्याच शेतात पिकायचं आणि शेण होऊन त्याच शेतात परतायचं.

मग वाफेची इंजिनं आली. ती राक्षसासारखी अवजड होती आणि कोळशातली दहा टक्केसुद्धा ऊर्जा कामाला लावू शकत नव्हती. त्यानंतर रॉकेल आणि पेट्रोलवरचे ट्रॅक्टर. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये आपलं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा त्याची कार्यक्षमता २६ टक्के भरली. त्या काळी हा आकडा अचाट होता. तरी ते इंजिन शेतात रुळायला आणखी तीन-चार दशकं गेली.

शेतकऱ्यांच्या बाजूने मला सगळ्यात मोलाची वाटणारी घटना मात्र इंजिनाची नाही, कायद्याची आहे. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी विधिमंडळात होता. निकृष्ट ट्रॅक्टर गळ्यात पडल्याचा अनुभव त्याने स्वतः घेतला होता. त्याच्या पुढाकाराने १९१९ मध्ये कायदा झाला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर त्याची आधी विद्यापीठात चाचणी व्हायला हवी. १९२० पासून लिंकनमधल्या केंद्रात चाचण्या सुरू झाल्या. एका गॅलनवर ट्रॅक्टर किती काम देतो, हे जाहीर होऊ लागलं. कंपनीचा दावा एका बाजूला आणि मोजलेला आकडा दुसऱ्या बाजूला, असं ग्राहकाला प्रथमच दिसलं. आज जगभर ट्रॅक्टरच्या प्रमाणित चाचण्या होतात, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. कार्यक्षमता वाढते ती मोजमाप सुरू झाल्यावर.

एका हेक्टरचा हिशेब

आता एक हेक्टर धान्याचं शेत घेऊ. नांगरट, कुळवणी, पेरणी, फवारणी, कापणी-मळणी धरून यंत्रांना साधारण ६० ते १०० लिटर डिझेल लागतं. जमीन भारी की हलकी, नांगर किती खोल, यावर हा आकडा वरखाली होतो.

त्याच शेताला हंगामात अर्धा मीटर उंचीचं पाणी द्यायचं आहे आणि ते ५० मीटर खोलीवरून उपसायचं आहे, असं समजा. हेक्टरला अर्धा मीटर म्हणजे ५,००० घनमीटर पाणी. एक घनमीटर, म्हणजे एक टन, पाणी एक मीटर उचलायला निसर्गनियमाने २.७ वॅट-तास लागतात. त्यात घासाघीस नाही. गुणाकार केला तर सुमारे ६८० युनिट होतात. पण पंप आणि पाइप मिळून निम्मी शक्ती वाटेत खातात, म्हणून इंजिनाने १,३६० युनिट द्यायला हवेत. डिझेल पंपावर त्याचे झाले साधारण ४५० लिटर.

आणि नत्र? युरियातून एक किलो नत्र शेतात पडतं, तेव्हा कारखान्यात ५० ते ६० मेगाज्यूल ऊर्जा आधीच खर्च झालेली असते. म्हणजे जवळपास दीड लिटर डिझेल. हेक्टरी १०० किलो नत्र दिलं तर १५० लिटर.

दाणा ओला कापला आणि भट्टीत वाळवला तर तोही खर्च आहे. आठ टन मका २५ टक्के ओलाव्यावरून १५ टक्क्यांवर आणायचा म्हणजे सुमारे साडेनऊशे किलो पाणी उडवायचं. किलोमागे ५ मेगाज्यूल धरले तर १३० लिटर डिझेलइतकी उष्णता झाली. उन्हाला हे काम करू दिलं, किंवा पीक रानातच थोडं जास्त वाळू दिलं, तर हा आकडा कोसळतो. यापलीकडे या मुद्द्यावर फार बोलण्यासारखं नाही.

म्हणजे ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल, ज्यावर आपली सगळी चर्चा चालते, ते या यादीत बहुतेक वेळा शेवटी येतं. पावसावरच्या शेतीत पाण्याची ओळ गळते आणि नत्र वर चढतं. हरितगृहात तापवण्याचा आणि दिव्यांचा खर्च सगळ्यांना मागे टाकतो. पण ट्रॅक्टर पहिला, असं फार थोड्या शेतांत होतं.

माती उचलण्याचं वजन

तरीही ट्रॅक्टरपासून सुरुवात करू, कारण इथली बचत उद्यापासून करता येते आणि तिला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

नांगराची खोली एक सेंटीमीटरने वाढवली, तर हेक्टरमागे किती माती जास्त हलते? १०० घनमीटर. वजन १३० ते १५० टन. फक्त एका सेंटीमीटरसाठी! वीस सेंटीमीटरची नांगरट म्हणजे हेक्टरी जवळपास २,८०० टन माती उचलून पालथी घालणं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की 'जरा खोल जाऊ दे' हे वाक्य सहज तोंडातून निघत नाही. घट्ट थर फोडायचा असेल तेव्हा खोल जावंच लागतं. पण सवयीने दरवर्षी खोल जाणं म्हणजे शेकडो टन माती विनाकारण उचलणं.

दुसरी गोष्ट चाकांची. ओढताना चाक थोडं घसरतंच. साधारण ८ ते १५ टक्के घसरण चालते, उलट अजिबातच घसरत नसेल तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन लादलेलं आहे. २५-३० टक्के घसरत असेल तर दर चार लिटरमधला एक लिटर नुसता टायर झिजवायला आणि माती चोपायला जातो. ओळखायला सोपं आहे: टायरचे ठसे मातीत स्वच्छ उमटले तर घसरण कमी, पूर्ण पुसले गेले तर जास्त. टायरमधली हवा कामाप्रमाणे बदलली तरी यात मोठा फरक पडतो. रस्त्यावर धावायला लागते तेवढी हवा शेतात नको असते.

तिसरी गोष्ट गिअरची. काम हलकं असेल, इंजिनाच्या ताकदीचा अर्धाही वापर होत नसेल, तर वरचा गिअर टाकून थ्रॉटल कमी करा. वेग तोच राहतो, इंजिनाचे फेरे कमी होतात, आणि १५ ते ३० टक्क्यांपर्यंत डिझेल वाचतं. याचं कारण असं की इंजिनाला स्वतःलाच फिरवण्याचा एक खर्च असतो. घर्षण, पंप, पंखा हे सगळं फेऱ्यांबरोबर वाढतं. फक्त काळा धूर येऊ लागला किंवा इंजिन दमल्यासारखं आवाज करू लागलं, तर एक गिअर खाली या. आणि पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणाऱ्या अवजाराला ठरावीकच फेरे लागत असतील, तर हा उपाय तिथे लागू नाही.

सगळ्यात मोठी बचत मात्र न केलेल्या नांगरटीची. अमेरिकेत केंटकीमध्ये हॅरी यंग यांनी १९६२ मध्ये नांगर न चालवता थेट पेरणी केली. ब्राझीलमध्ये पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ यांनी १९७२ मध्ये हाच मार्ग धरला. तिथे जोरदार पावसाने माती वाहून जाण्याचा प्रश्न मोठा होता. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि या पद्धतीला आणखी एक कारण मिळालं. मशागतीचं डिझेल यात मोठ्या प्रमाणात वाचतं. पण बहुतेक ठिकाणी नांगराची जागा तणनाशकाने घेतली, आणि ते बनवायलाही ऊर्जा लागतेच. किलोभर तणनाशक रसायनाच्या निर्मितीत कित्येक लिटर डिझेलइतकी ऊर्जा जाते. आच्छादन आणि पिकांची फेरपालट यांनी तण आवरलं तरच बचत पूर्ण हातात राहते. हे कठीण आहे, आणि कठीण आहे म्हणूनच त्याचं श्रेय जिथे जमलं तिथल्या शेतकऱ्यांना मनापासून द्यायला हवं.

पाणी: वाटेत हरवणारी शक्ती

पाण्याच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केले की गोंधळ होतो. पहिला: एक घनमीटर पाणी उचलायला किती ऊर्जा लागते? दुसरा: मुळात किती घनमीटर उचलायचं?

पहिल्या प्रश्नात सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग पाइपचा आहे. तेवढंच पाणी अर्ध्या व्यासाच्या पाइपमधून ढकललं, तर घर्षणाचा तोटा दुप्पट-चौपट होत नाही, सुमारे ३२ पट होतो. बारीक पाइप खरेदीच्या दिवशी स्वस्त पडतो आणि मग प्रत्येक पाळीला आपली किंमत वसूल करतो. कचऱ्याने गच्च भरलेला फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप), नको तिथे टाकलेले कोपरे आणि विहिरीच्या खोलीपेक्षा भलत्याच क्षमतेचा पंप, ही याच घरातली माणसं. प्रत्येक पंपाची एक उंची आणि एक प्रवाह असा असतो की तिथे तो सर्वांत चांगला चालतो. शेजाऱ्याच्या विहिरीला जो पंप उत्तम चालतो, तो आपल्या विहिरीवर निम्मी वीज वाया घालवू शकतो. पंपात काहीच दोष नसतो, फक्त जोडी जुळलेली नसते.

पंपाचा वेग बदलणारं यंत्र बसवलं तर फायदा होतो, पण तो सांगितला जातो तितका सरसकट नाही. नुसतं घर्षणाविरुद्ध पाणी ढकलायचं असेल तर वेग २० टक्के कमी केल्यावर लागणारी शक्ती जवळजवळ अर्ध्यावर येते. खोल विहिरीतून उचलायचं असेल तर उंचीचा खर्च काही केल्या कमी होत नाही.

दुसऱ्या प्रश्नात ठिबक येतं. ठिबकला साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब पुरतो, तुषारला बहुधा त्याच्या दुप्पट ते चौपट लागतो. पाट-पाण्याला दाब जवळपास लागतच नाही. म्हणून पाणी गुरुत्वाने येत असेल तिथे ठिबक बसवलं तर ऊर्जा वाढतेसुद्धा. पाणी खोलवरून उपसायचं असेल तिथे मात्र प्रत्येक वाचलेला घनमीटर म्हणजे सरळ वाचलेली वीज.

नत्राचं देणं

हवेत नत्र भरपूर आहे, पण पिकाला ते तसंच घेता येत नाही. फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांच्या पद्धतीने हवेतल्या नत्रापासून अमोनिया (युरिया यातूनच बनतो) करणारा पहिला कारखाना १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे सुरू झाला. त्यासाठी लागणारा हायड्रोजन आधी कोळशातून मिळायचा, आता बहुतांश नैसर्गिक वायूतून मिळतो. सुरुवातीला टनभर अमोनियाला १०० गिगाज्यूलहून जास्त ऊर्जा लागायची. आजचे उत्तम कारखाने ते काम २८ च्या आसपास करतात, आणि रसायनशास्त्राने घालून दिलेली किमान मर्यादा २० च्या जवळपास आहे. जगाच्या एकूण ऊर्जावापरातले सुमारे २ टक्के अमोनियावर जातात आणि त्यातला जवळपास ७० टक्के अमोनिया खतात जातो.

यातून दिसतं ते असं की कारखान्याने आपल्या वाट्याची बचत बहुतेक करून टाकली आहे. उरलेली बचत शेतात आहे. टाकलेल्या नत्रापैकी जगात सरासरी निम्मंच पिकाच्या पदरी पडतं, आणि अनेक ठिकाणी तेवढंही नाही. बाकीचं हवेत उडतं किंवा पाण्याबरोबर झिरपतं. काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट जास्त तापमानवाढ करतो. हेक्टरी १५० लिटरमधले ७५ लिटर असे गेले, तर ते ट्रॅक्टरच्या वर्षभराच्या डिझेलइतके झाले. धूर नाही, आवाज नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

एकाच वेळी ढीगभर टाकण्याऐवजी पिकाच्या भुकेप्रमाणे दोन-तीन हप्त्यांत देणं, मातीत गाडून देणं, माती तपासून मात्रा ठरवणं, आणि पिकांच्या फेऱ्यात एक कडधान्य ठेवणं, हे शेतकऱ्याला ऐकून पाठ झालेले सल्ले आहेत. ते सहसा पैशाच्या बचतीसाठी सांगितले जातात. माझ्या मते ते शेतीतले सर्वांत मोठे इंधन-बचतीचे सल्ले आहेत. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू जे काम करतात, तेच काम ओपाऊच्या कारखान्याने प्रचंड दाबाखाली आणि तापमानात केलं. जिवाणूंना इंधन म्हणून पानांत तयार झालेली साखर पुरते.

विजेवर पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि त्यातून अमोनिया, ही कल्पना आज नवी म्हणून सांगितली जाते. नॉर्वेत रुकान इथे धबधब्याच्या विजेवर १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरूही झाली होती, पुढे स्वस्त वायूने ती मागे टाकली. त्यात टनाला साधारण १०,००० युनिट वीज लागते. म्हणजे ऊर्जा कमी लागत नाही, ती फक्त दुसरीकडून येते. वाया जाणारं नत्र हिरव्या विजेवर केलेलं असलं तरी वायाच जातं.

डिझेलच्या जागी काय?

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. मोहरीवर्गातल्या रेपसीडचं तेल हेक्टरी साधारण हजार ते दीड हजार लिटर मिळतं. शेताला यंत्रांसाठी ८० लिटर लागत असतील, तर पंधराव्या भागाएवढ्या जमिनीवर स्वतःचं इंधन पिकू शकतं. घोड्यांना चौथा भाग लागत होता, हे आठवा. शेतीपुरतं हे गणित बसतं, जरी त्या पिकालाही नत्र भरपूर लागत असलं तरी. शहरांतल्या गाड्या त्यावर चालवायला निघालो की ते कोसळतं, कारण जमीनच पुरत नाही.

गोबरगॅस मला यापेक्षा जास्त भावतो. एक घनमीटर गॅस साधारण ०.६ लिटर डिझेलचं काम देतो, आणि गॅस काढून घेतल्यावर उरलेल्या रबडीत नत्र बहुतांश शिल्लक असतं. इंधनही मिळालं आणि खतही उरलं. वैरणीच्या काळातलं ते जुनं चक्र इथे पुन्हा जुळतं.

बॅटरीवरच्या ट्रॅक्टरची अडचण वजनाची आहे. किलोभर डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट असतात, किलोभर बॅटरी-संचात ०.१५ ते ०.२. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी जास्त कार्यक्षम असल्यामुळे हे अंतर भरून निघत निघत साधारण २५ पटीवर येतं, तरी ते मोठंच आहे. आठ तास सरासरी ४० किलोवॅटने राबायचं तर ३२० युनिट लागतील, म्हणजे दोन टनांच्या आसपास बॅटरी. एवढं वजन माती दाबतं, आणि दाबलेली माती नांगरायला पुन्हा जास्त शक्ती लागते. म्हणून विजेची सुरुवात हलक्या कामांपासून होते आहे: कोळपणी, फवारणी, गोठ्यातली ने-आण, फळबागेतली छोटी यंत्रं.

सौर पंप मात्र जिथल्या तिथे बसतो, त्याला वजनाची चिंता नाही. २०१० नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे नऊ-दशांशाने उतरल्या आणि पंपाचा प्रश्न सुटला असं वाटू लागलं. इथे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स आठवतो. १८६५ मध्ये त्याने इंग्लंडच्या कोळशाबद्दल लिहिलं होतं की वाफेची इंजिनं जितकी काटकसरी होतात तितका कोळसा जास्तच खपतो, कारण इंजिन परवडू लागतं आणि सगळीकडे लागतं. पाण्याचंही तसं होऊ शकतं. डिझेल जाळताना प्रत्येक तासाची किंमत कळते, म्हणून पंप थांबवला जातो. ऊन फुकट असतं, पंप चालूच राहतो आणि भूजल खाली जातं. मग पाणी आणखी खोलवरून उचलावं लागतं. ठिबकनेही अनेक ठिकाणी वाचलेलं पाणी विहिरीत राहिलं नाही, त्यावर आणखी क्षेत्र भिजवलं गेलं. याचा अर्थ सौर पंप वाईट असा नाही. पाणी दिल्यानंतर उरलेल्या विजेला दुसरं काम किंवा गिऱ्हाईक असायला हवं, आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी कुणीतरी नियमित मोजायला हवी.

आणि तुटवड्याने लादलेला बदल कसा असतो, हे क्यूबाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल आणि खतं येणं आटलं, ट्रॅक्टर जागच्या जागी उभे राहिले, आणि बैलांना पुन्हा औत ओढायला शिकवावं लागलं. लोकांनी ते जिद्दीने केलं, पण मधल्या काळात त्यांनी उपासमारीचे दिवस काढले. म्हणून मला वाटतं, हिशेब हाताशी वेळ असतानाच करावा.

तो करायला प्रयोगशाळा लागत नाही. ट्रॅक्टरसाठी टाकी काठोकाठ भरा, एक मोजलेला तुकडा नांगरा, परत त्याच सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरा. जेवढं लागलं तेवढं त्या तुकड्याचं डिझेल. पंपासाठी २०० लिटरचा ड्रम, घड्याळ आणि वीजमीटर पुरतो. समजा ड्रम २० सेकंदांत भरला. तासाला ३६ घनमीटर पाणी झालं. त्या तासात मीटर ९ युनिट पुढे गेला, म्हणजे घनमीटरला ०.२५ युनिट. पाणी ४० मीटर उचललं जात असेल तर निसर्गनियमाने लागायला हवे होते ०.११ युनिट. १०० पैकी ४४ कामी आले, ५६ वाटेत गेले. आता फुटव्हॉल्व्ह काढून साफ करा, गळका जोड बदला, आणि तोच ड्रम पुन्हा भरायला लावा.